लाल नाक, लाल ट्रे : सणाच्या बाहुलीपटाची कारखानी कुळकथा

६ डिसेंबर १९६४ या रविवारच्या संध्याकाळी अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवर ‘रुडॉल्फ द रेड-नोज्ड रेनडिअर’ हा तासाभराचा बाहुलीपट दाखवला गेला. त्या तासाचे पैसे जनरल इलेक्ट्रिक कंपनीने मोजले होते. ‘जनरल इलेक्ट्रिक फँटसी अवर’ असे कार्यक्रमाचे नावच होते. नाताळ तोंडावर आला होता, आणि घरगुती विजेची उपकरणे भेट म्हणून खपवायची होती. मूळ प्रक्षेपणात मधल्या जाहिरातींतही सांताक्लॉजच्या पदरचे तेच बुटके कारागीर येऊन कंपनीचा माल विकत होते. गोष्ट कुठे संपते आणि दुकान कुठे सुरू होते हे त्या संध्याकाळी लहान मुलाला सांगता आले नसते.

याच कंपनीच्या चाकणच्या कारखान्याचे उद्घाटन १४ फेब्रुवारी २०१५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. विमानाच्या इंजिनांपासून टर्बाइनपर्यंतचे भाग एकाच छताखाली बनवण्याची ही कल्पना तेव्हा वर्तमानपत्रांतून बरीच गाजली. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही, आणि मी तो ओढूनताणून जोडणारही नाही. पण त्या बाहुलीपटाकडे चाकणहून पाहिले तर त्यात असे काही दिसते, जे नाताळच्या झाडाखाली बसून पाहणाऱ्याला सहसा दिसत नाही. या लेखाचा विषय तेवढाच आहे.

मी चिंचवडला राहतो. नोकरीची बहुतेक वर्षे चाकणच्या बाजूला, वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत, तपासणीच्या टेबलाजवळ गेली. चित्रपटाच्या समीक्षेला ही पात्रता लागत नाही. या एका चित्रपटाला मात्र ती उपयोगी पडते.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. सणाला दरवर्षी लागणारी ही गोष्ट चुलीजवळ, आजीच्या मांडीवर जन्मलेली नाही. ती दुकान, कारखाना आणि जाहिरात यांच्या घरात जन्मली. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पुष्कळ चांगल्या कला अशाच घरांत वाढल्या आहेत. पण त्या घराचे वळण तिच्या स्वभावात उतरले आहे. ते ओळखले नाही, तर आपल्या सणासाठी असे काही करताना तेच वळण आपण नकळत उचलू.

प्रथम हरणाची वंशावळ पाहू. रुडॉल्फ ही लोककथा आहे असे आज अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तिचा जन्म १९३९ चा आणि जन्मस्थान शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्ड या दुकानसाखळीची कचेरी. ही कंपनी नाताळात गिऱ्हाइकांच्या मुलांना रंगवायची पुस्तके विकत आणून फुकट वाटत असे. त्यापेक्षा स्वतःची पुस्तिका छापली तर स्वस्त पडेल, या हिशेबाने जाहिरातमजकूर लिहिणाऱ्या रॉबर्ट मे या नोकराला गोष्ट लिहायला सांगण्यात आले. त्याची बायको तेव्हा कर्करोगाने आजारी होती आणि त्याच उन्हाळ्यात ती गेली. घरी चार वर्षांची मुलगी होती. कंपनीने काम दुसऱ्याकडे देण्याची तयारी दाखवली, पण त्याने ते सोडले नाही. पहिल्याच वर्षी पुस्तिकेच्या सुमारे २४ लाख प्रती वाटल्या गेल्या. हक्क अर्थातच मालकाचे. १९४७ मध्ये कंपनीने ते मेच्या नावे करून दिले. मग त्याचा मेहुणा जॉनी मार्क्स याने गाणे रचले आणि १९४९ मध्ये जीन ऑट्रीच्या आवाजात ते घरोघरी पोचले.

मधली एक पायरी आमच्या पट्ट्यातल्या वाचकाला विशेष रस वाटावा अशी आहे. १९४८ मध्ये याच गोष्टीवर एक छोटा व्यंगपट निघाला. तो मॅक्स फ्लायशर या जुन्या जाणत्या चित्रकाराने केला, पण बनला जॅम हँडी या संस्थेत. ही संस्था डेट्रॉइटची. मोटार कंपन्यांसाठी प्रचारपट आणि प्रशिक्षणपट काढणे हा तिचा मुख्य धंदा; शेव्हरोलेसाठी तिने असे कितीतरी पट काढले. म्हणजे गिअर कसा चालतो हे कामगाराला आणि विक्रेत्याला समजावणाऱ्या हातांतूनच हे हरीणही पडद्यावर आले. चाकणला ‘भारताचे डेट्रॉइट’ म्हणवून घेण्याची हौस असणाऱ्यांनी ही नोंद जवळ ठेवायला हरकत नाही.

आता स्टुडिओकडे. आर्थर रँकिन आणि ज्यूल्स बास यांनी १९६० मध्ये न्यूयॉर्कमध्ये व्हिडिओक्राफ्ट इंटरनॅशनल ही कंपनी काढली. पुढे ती त्या दोघांच्या आडनावांनी ओळखली जाऊ लागली. दोघांचाही आधीचा संबंध टीव्ही आणि जाहिरातींच्या जगाशी होता. सुरुवातीला त्यांनी पिनोकिओच्या नव्या साहसांची बाहुलीमालिका केली, ‘ओझ’च्या जादूगाराची चित्रमालिका केली. फेब्रुवारी १९६४ मध्ये ‘रिटर्न टू ओझ’ हा तासाभराचा चित्रपट जनरल इलेक्ट्रिकच्याच तासात दाखवला गेला. तो सणाचा नव्हता आणि आज तो अभ्यासकांखेरीज फारसा कोणाला आठवत नाही. त्याच वर्षी, त्याच प्रायोजकाच्या पैशांवर, त्याच कंपनीने रुडॉल्फ केला. तो मात्र त्यानंतर एकही वर्ष चुकला नाही. पहिला आणि दुसरा प्रयत्न यांत कसबाचा फरक आहेच. पण मोठा फरक तारखेचा आहे. सणाशी बांधलेली गोष्ट सण आला की परत येते.

ही युक्ती रँकिन आणि बास यांची पहिली नव्हे. १८ डिसेंबर १९६२ रोजी यूपीए या स्टुडिओने ‘मिस्टर मॅगूज ख्रिसमस कॅरोल’ हा डिकन्सच्या कथेवरचा तासाभराचा व्यंगपट एनबीसीवर आणला होता, आणि त्याचा प्रायोजक टायमेक्स ही घड्याळांची कंपनी होती. खास टीव्हीसाठी काढलेला नाताळचा पहिला व्यंगपट तोच. घड्याळे, टोस्टर, पुढे कोका-कोला : या सणविशेष कार्यक्रमांच्या प्रायोजकांची यादी वाचताना दिवाळी अंकाच्या शेवटच्या पानांवरून नजर फिरवल्यासारखे वाटते.

रुडॉल्फ बनला कसा, ते तर अगदी आमच्या ओळखीचे आहे. पटकथा न्यूयॉर्कमध्ये रोमिओ म्युलरने लिहिली. बहुतेक आवाज टोरांटोमध्ये कॅनडाच्या नटांकडून मुद्रित करून घेतले. बाहुल्या बनवणे आणि त्या चौकटीमागून चौकट किंचित हलवत छायाचित्रे घेणे हे खरे कष्टाचे काम टोकियोत, तादाहितो मोचिनागा यांच्या स्टुडिओत झाले. मूळ कंपनी एका देशात, रेखाटन तिचे, आणि प्रत्यक्ष घडण स्वस्त व कुशल हातांच्या दुसऱ्या देशात. आमच्याकडे याला ‘व्हेंडर’ म्हणतात. मोचिनागा हा साधा व्हेंडर नव्हता. युद्धकाळात तो मांचुरियात गेला, तिथल्या चिनी कलावंतांबरोबर त्याने बाहुलीपट केले, मायदेशी परतून जपानमध्ये ही कला रुजवली. हरणांच्या हालचाली नीट कळाव्यात म्हणून त्याच्या चमूने नारा इथल्या हरणांच्या उद्यानात जाऊन निरीक्षण केले. पडद्यावर ध्रुव प्रदेशातले म्हणून जे हरीण मान वळवते, त्याची मान नाराच्या हरणाची आहे. लोकांच्या तोंडी मात्र नाव राहिले ते रँकिन-बास यांचे. घडणाऱ्यापेक्षा शिक्का मारणाऱ्याचे नाव मोठे, हा नियम पुरवठ्याच्या धंद्यात नवा नाही.

शिक्क्यावरून आठवले. या चित्रपटाच्या सुरुवातीला स्वामित्वहक्काचे वर्ष रोमन अंकांत छापले आहे आणि त्यातले एक अक्षर गळले आहे. त्यामुळे १९६४ ऐवजी ते ११६४ होते. सुट्या भागावर चुकीचे वर्ष ठोकून अख्खी खेप रवाना झाली, तशातला हा प्रकार.

आता गोष्ट. सारांशाने सांगतो, कारण ‘लाल नाकाच्या हरणाला सगळे हसतात आणि मग तेच सगळ्यांना वाट दाखवते’ एवढेच आपल्याकडे माहीत असते. म्युलरने त्याभोवती बरेच रचले आहे. सांताचे गाव म्हणजे खेळण्यांचा कारखाना. तिथे एक फोरमन आहे, रांगेत बसलेले कारागीर आहेत आणि ठरलेला माल ठरलेल्या दिवशी तयार व्हायचा आहे. हर्मी नावाचा कारागीर हातोडी ठोकता ठोकता मागे पडतो, कारण त्याला खेळणी बनवायची नाहीत, दातांचा डॉक्टर व्हायचे आहे. फोरमन त्याला सर्वांसमक्ष झाडतो. तिकडे रुडॉल्फचा बाप पोराच्या नाकावर चिखल थापून ते झाकतो. नाक उघडे पडते तेव्हा खेळात शिकवणारा मोठा रेनडिअर त्याला हाकलतो, आणि स्वतः सांताही बापालाच बोल लावतो. हा सांता प्रेमळ आजोबा नाही. तो हंगामाच्या काळजीत बुडालेला मालक आहे.

हर्मी आणि रुडॉल्फ पळून जातात आणि एका बेटावर पोचतात. तिथे बिघडलेली खेळणी राहतात. चौकोनी चाकांची आगगाडी, अंगावर ठिपके असलेला हत्ती, पाण्याऐवजी मुरंबा उडवणारी पिचकारी. एका बाहुलीत काय बिघाड आहे हे तर कधीच सांगितलेले नाही. मूनरेसर नावाचा पंखवाला सिंह त्यांचा राजा आहे. तो रोज रात्री जगभर फिरून कोणालाच नको असलेली खेळणी गोळा करतो.

तपासणीच्या टेबलाशेजारी तीन ट्रे असतात. हिरव्यात पास झालेला माल, पिवळ्यात पुन्हा काम करून सुधारता येईल असा, आणि लालमध्ये नाकारलेला. लाल ट्रेला अनेक ठिकाणी कुलूप असते, कारण नाकारलेला भाग चुकून चांगल्यांत मिसळला तर गिऱ्हाइकाकडून अख्खी खेप परत येते. मूनरेसरचे बेट हा तो लाल ट्रे आहे. बालचित्रपटांत चेटकिणी असतात, राक्षस असतात. नाकारलेला माल जिथे साठवतात ती जागा मुलांना इतक्या सरळपणे दाखवणारा दुसरा चित्रपट मला माहीत नाही. या बेटासाठी म्युलरला मी मोठा लेखक म्हणेन. मालकाच्या पैशांतून, मालकाचा माल विकण्यासाठी काढलेल्या गोष्टीत त्याने कारखान्याची सर्वांत दुखरी जागा आणून ठेवली.

आणि तरीही गोष्टीचा शेवट मला पटत नाही. नाताळच्या आदल्या रात्री वादळ येते, दिसेनासे होते, गाडी निघणार नाही अशी वेळ येते. तेव्हा सांताची नजर त्या लाल नाकाकडे जाते, आणि ज्याला हाकलले होते त्यालाच गाडीच्या पुढे जुंपले जाते. हर्मीला दवाखाना काढायची परवानगी मिळते, कारण त्याने हिमराक्षसाचे दात काढून त्याला निरुपद्रवी केले. राक्षसालाही गावात ठेवून घेतात, कारण तो उंच आहे आणि झाडाच्या शेंड्यावर चांदणी लावू शकतो. प्रत्येकाची स्वीकृती एकेका कामाला बांधलेली आहे. अपमान चुकीचा होता असे सांता कबूल करतो खरा, पण गरज पडल्यावर.

कारखान्यात याला नेमका शब्द आहे : डिव्हिएशन. एखादा भाग मोजमापात बसत नाही, नियमाप्रमाणे तो लाल ट्रेतच जायला हवा. पण गिऱ्हाइकाची लाइन थांबायची वेळ आली आहे. अशा वेळी कागदावर सह्या होतात आणि तो भाग ‘डिव्हिएशनवर’ पास होतो. त्या कागदावर एक ओळ असते : ही सवलत फक्त या खेपेपुरती. पुढच्या खेपेला मोजमाप पुन्हा तेच. रुडॉल्फ डिव्हिएशनवर पास झाला आहे. पुढच्या नाताळला आभाळ स्वच्छ असेल तर काय, हा प्रश्न चित्रपट विचारत नाही.

हा प्रश्न मला सुचतो याचे कारण आमचा पट्टा. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये पिंपरीत आली, त्यानंतर दहा-बारा वर्षांत टेल्को आणि बजाज आले. त्या पिढीत ‘पर्मनंट’ हा मान होता. दिवाळीचा बोनस कधी आणि किती, यावर अख्ख्या गावाचा बाजार हलत असे. चाकणची पिढी वेगळी. इथे मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली मुले ठेकेदाराच्या हजेरीवर असतात. दसरा-दिवाळीच्या आधी गाड्यांची मागणी वाढते तेव्हा त्यांना बोलावणे येते. मागणी ओसरली, किंवा सलग नोकरीचे दिवस कायद्याच्या रेषेजवळ आले, की ‘ब्रेक’ मिळतो. खंडेनवमीला ज्याने मशीनला झेंडूचा हार घातला, तो तुळशीच्या लग्नाला त्या मशीनवर असेलच असे नाही. अशा घरातल्या मुलाला सणाच्या दिवशी ‘तू कामाला आलास की तुला मान मिळेल’ ही गोष्ट सांगणे म्हणजे त्याच्या बापाचा ठेका त्याला गोड करून ऐकवणे. यात काय पणाला लागले आहे ते इथे आहे. सणाची गोष्ट मुलाला वर्षभर पुरते. ती त्याला माणसाची किंमत कशात मोजायची ते शिकवते.

या आक्षेपात मी एकटा नाही, आणि तो आजचाही नाही. १९६४ च्या प्रक्षेपणात बेटावरच्या खेळण्यांना घर शोधून देण्याचे वचन दिले जाते, पण ते पाळले गेल्याचे पडद्यावर दिसत नव्हते. रुडॉल्फ आकाशात निघून जातो आणि ती खेळणी बेटावरच. प्रेक्षकांनी पत्रे लिहून तक्रार केली. १९६५ मध्ये पुन्हा दाखवताना नवे दृश्य जोडण्यात आले : सांताची गाडी बेटावर उतरते आणि खेळणी घेऊन जाते. जागा करण्यासाठी दुसरे एक दृश्य कापावे लागले. चौकोनी चाकांची आगगाडी कोणाच्या उपयोगाची नव्हती, तिने कोणाला वादळातून वाट दाखवली नव्हती. तरीही तिला न्या, असे प्रेक्षकांनी सांगितले. कंपनीने विकत घेतलेल्या तासात एवढी एक विनाअट गोष्ट शिरली, ती प्रेक्षकांच्या पत्रांमुळे. या चित्रपटाचा सर्वांत चांगला क्षण तोच, आणि त्याचे श्रेय ना स्टुडिओचे ना प्रायोजकाचे.

प्रायोजकाच्या पैशांवर प्रायोजकाविरुद्ध बोलता येते का, याचे दुसरे उत्तर त्याच डिसेंबरात मिळाले. ९ डिसेंबर १९६५ रोजी सीबीएसवर ‘अ चार्ली ब्राऊन ख्रिसमस’ लागला. चार्ल्स शुल्झचे लेखन, बिल मेलेंडेझची चित्रे, आणि पैसा कोका-कोलाचा. सणाचा बाजार झाला म्हणून खिन्न झालेला मुलगा चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची झाडे सोडून एक वाळके रोपटे उचलतो, ही त्याची गोष्ट. खऱ्या मुलांचे अडखळते आवाज, मागे रेकॉर्ड केलेले हशे नाहीत, जाझचे संगीत : वाहिनीच्या अधिकाऱ्यांना हे पडेल असे वाटले होते. झाले उलटेच. पुढल्या काही वर्षांत अ‍ॅल्युमिनियमच्या झाडांची फॅशनच ओसरली आणि त्याचे श्रेय या कार्यक्रमाला देण्याची प्रथा पडली. एका कारखान्याच्या पैशांवर निघालेल्या गोष्टीने दुसऱ्या कारखान्याचा माल पाडला म्हणायचे. पण इथेही रोपट्याला न्याय मिळतो तो मुलांनी त्याला नटवल्यावर.

आता आपल्या हरणाकडे वळतो. १९५६ मध्ये अमेरिकेच्या तांत्रिक साहाय्य योजनेतून क्लेअर वीक्स हा डिस्नेचा चित्रकार मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये आला. ‘बँबी’ या हरणाच्या चित्रपटावर त्याने काम केले होते. त्याने इथल्या तरुणांना शिकवले. राम मोहन त्यांतलेच. या व्यंगपट विभागातून १९५७ मध्ये ‘द बनियन डीअर’ निघाला. रुडॉल्फच्या सात वर्षे आधी, मुंबईत बनलेला हा चित्रपटही हरणाचाच आहे, आणि त्याची गोष्ट जातकातली आहे.

जातकातली कथा अशी. काशीच्या राजाला रोज हरणाचे मांस हवे असते. रोजची पळापळ टळावी म्हणून हरणांचे दोन कळप ठरवतात, की पाळीपाळीने एकेक हरीण आपणहून वधस्थानी जाईल. एके दिवशी पाळी गाभण हरिणीवर येते. तिच्या कळपाचा म्होरक्या पाळी बदलून द्यायला तयार नाही. नियम तो नियम. ती दुसऱ्या कळपाच्या म्होरक्याकडे, वटमृगाकडे जाते. तो तिच्या जागी स्वतः जाऊन ठोकळ्यावर मान ठेवतो. राजा थक्क होतो आणि दोघांना अभय देतो. वटमृग विचारतो, बाकीच्यांचे काय? राजा सगळ्या हरणांना सोडतो. मग इतर चतुष्पादांचे काय? पक्ष्यांचे? पाण्यातल्या माशांचे? अभय वाढत जाते.

दोन्ही हरणे शेजारी उभी करून पाहा. दोन्ही गोष्टींत एक मालक आहे, एक व्यवस्था आहे आणि एक पाळी आहे. रुडॉल्फ व्यवस्थेची अडचण सोडवतो आणि म्हणून त्याला जागा मिळते. व्यवस्था तशीच राहते. वटमृग व्यवस्थेलाच अडचणीत आणतो. ती हरिणी कोणाच्या कामाची म्हणून वाचत नाही. उलट, त्या दिवशी तिची ‘उपयुक्तता’ राजाच्या स्वयंपाकघरापुरतीच होती. ती वाचते, कारण कोणीतरी तिच्या पाळीला उभे राहिले. चाकणच्या मुलाला सणाच्या रात्री यांतली कोणती गोष्ट सांगावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मग आपले हरीण विस्मृतीत का गेले? त्याच्या कथेत काही कमी होते म्हणून नव्हे, कसबही कमी नव्हते. त्याला तारीख नव्हती. फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट मुख्य चित्रपटाच्या आधी चित्रपटगृहांत सक्तीने दाखवले जात. आपण पाणी प्यायला बाहेर जात असू तेव्हा ते चालू असत. कोणत्या आठवड्यात कोणता लागेल याची कोणी वाट पाहत नसे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पण दूरदर्शनवर जाहिराती आल्या १९७६ मध्ये, आणि प्रायोजित मालिकेचा रस्ता १९८४ मधल्या ‘हम लोग’ने उघडला. प्रायोजक नव्हता त्या काळात शासनाने चांगले व्यंगपट काढले, पण त्यांना सणाचा दिवस दिला नाही. उलट उदाहरणही आहे. विजया मुळे यांचा ‘एक अनेक और एकता’ १९७४ चा, चित्रे भीमसेन यांची. तो पुनःपुन्हा दाखवला गेला, म्हणून एका पिढीला तो अजून पाठ आहे. आठवण गुणवत्तेने पेरली जाते. ती उगवते पुनरावृत्तीने.

पुढे प्रायोजक आले, वाहिन्या आल्या, तंत्रही आले. व्ही. जी. सामंत यांचा ‘हनुमान’ २१ ऑक्टोबर २००५ रोजी, दिवाळीच्या तोंडावर लागला. ‘रोडसाइड रोमिओ’ २००८ च्या दिवाळीला आला आणि त्याची चित्रे टाटा एलेक्सीच्या विभागात घडली. पिंपरीत ट्रक बनवणाऱ्या उद्योगसमूहाचीच ही दुसरी शाखा. २००९ मध्ये पुण्यात बनलेली ‘लिटल कृष्णा’ मालिका मुलांच्या वाहिनीवर आली. कसब होते, पैसा होता. पण दिवाळीचे चित्रपट चित्रपटगृहाच्या गल्ल्यासाठी होते. पुढच्या दिवाळीला त्यांच्या जागी नवा माल हवा. आणि वाहिन्या सणाला दिवसभर तेच ते भाग लावतात, त्यामुळे कोणताच भाग सणाचा राहत नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सहा वाजता अमुकच लागणार, आणि पुढच्या वर्षीही तेच लागणार, असे आपल्याकडे घडले नाही.

हे आपल्याला जमणारे नव्हते असे मात्र म्हणता येत नाही, कारण नेमके हेच आपण कागदावर शंभराहून अधिक वर्षे करत आलो आहोत. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हा इंग्रजी नियतकालिकांच्या नाताळ अंकांचा नमुना त्यांच्यापुढे होता असे सांगतात. सणाला बांधलेली तारीख, जाहिरातींवर उभा राहिलेला खर्च आणि त्या पैशांतून निघालेले साहित्य ही तीच मांडणी. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ काढली ती नांगर बनवणाऱ्या कारखान्याचे पत्रक म्हणून. त्यातूनच ‘किर्लोस्कर’ उभे राहिले, ‘स्त्री’ निघाले, आणि कारखान्याच्या छत्राखाली विधवाविवाहापासून बुवाबाजीपर्यंतच्या विषयांवर रोखठोक लिहिले गेले. कारखान्याचा पैसा आला म्हणजे लेखणी वाकलीच, हे आपल्या इतिहासाने तरी सिद्ध केलेले नाही. ती वाकते तेव्हा संपादक किंवा वाचक झोपलेले असतात.

म्हणून रँकिन आणि बास यांच्या पहिल्या प्रयत्नांकडून घ्यायच्या गोष्टी दोन. एक म्हणजे तारीख : एकच संध्याकाळ, एकच गोष्ट, वर्षानुवर्षे. रुडॉल्फ १९७२ पासून अर्धशतकाहून अधिक काळ सीबीएसवर लागला आणि २०२४ मध्ये परत एनबीसीवर गेला. वाहिनी बदलली, नेम चुकला नाही. दुसरी म्हणजे १९६५ मधली ती पत्रे. गोष्ट कोणाच्याही पैशांतून येवो, बेटावर राहिलेल्यांना कोण आणणार हे विचारणारा प्रेक्षक असेल तर ती सुधारते.

घ्यायची नाही ती डिव्हिएशनची नैतिकता. चित्रीकरणाला वापरलेल्या रुडॉल्फ आणि सांता यांच्या बाहुल्या २०२० मध्ये अमेरिकेत लिलावाला निघाल्या आणि त्या जोडीला ३,६८,००० डॉलर मिळाले. त्या ज्यांनी घडवल्या त्या टोकियोच्या कारागिरांची नावे आता हौशी संशोधकच काढत बसतात. उपयोगावरून किंमत ठरवणाऱ्या गोष्टीला हे साजेसेच झाले. जातकातल्या हरणाची बाहुली कोणी जपून ठेवली नसेल. पण त्याची गोष्ट अजून कोणाच्या मालकीची नाही, त्यासाठी कोणाचा हक्क विकत घ्यावा लागत नाही, आणि आमच्या पट्ट्यातच एका दिवाळीच्या संध्याकाळचे पैसे मोजू शकतील असे कारखाने डझनांनी आहेत.